डावी पाकळी

बजरंग गुरवाचा हात खोटा पडत नाही, असं पवना धरणाच्या काठच्या साऱ्या वाड्यांतून बोललं जायचं. हात म्हणजे कौल लावायचा हात. जुनं देऊळ धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हा बजरंगच्या बापाने भैरोबाचा तांदळा, म्हणजे तो शेंदूर माखलेला बिनचेहऱ्याचा दगड, खांद्यावर घालून वर टेकाडावर आणला आणि देवामागोमाग कौलही वर आला. रीत अगदी साधी. अंगणातल्या चाफ्याच्या दोन पाकळ्या घ्यायच्या, गडूतल्या पाण्यात बुडवायच्या आणि देवाच्या दोन खांद्यांवर एकेक चिकटवायची. मागणं मोठ्याने सांगायचं आणि मागे सरकून बसायचं. देवाची उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

विहीर कुठे खणायची, बैल घ्यायचा का, पोरीला आलेलं स्थळ कसं आहे, सगळं भैरोबाला विचारायचे. शेतात तंबू टाकून पुण्यामुंबईच्या पाहुण्यांना राहायला द्यावं का, हेही विचारून झालं होतं. भैरोबाने होकार दिला आणि तेव्हापासून दर शनिवारी त्याच्याच कानाशी लाऊडस्पीकर लागायला लागला. आता कुणाला सांगतो बिचारा?

हातचलाखी करायची तर इतकी सोपी जागा दुसरी नाही. एक पाकळी नीट भिजवायची आणि दुसरी कोरडी ठेवायची, की झालं काम. पण बजरंगच्या ते कधी मनातसुद्धा आलं नव्हतं. म्हणून तर माणसं कामशेतहून जीपने येऊन त्याच्या पायरीवर ताटकळत बसायची.

कौलाच्या वेळी पाण्याचा गडू धरायचं काम त्याच्या धाकट्या लेकीचं, राजेश्वरीचं. परकर सावरता येत नव्हता तेव्हापासून ती गडू धरून उभी राहायची आणि पडलेली पाकळी उचलून परडीत टाकायची. थोरल्या मुलीचं लग्न झालं होतं. मधला निलेश वराळ्याला कंपनीत लागला आणि तिथेच फ्लॅट घेऊन राहिला. घरात उरले बजरंग, त्याची बायको मुक्ताबाई आणि हे शेंडेफळ. सगळे तिला राजी म्हणायचे.

राजीला वेड माशांचं. धरणात माशांचं बी सोडायला सरकारी माणसं यायची तेव्हा ही शाळा बुडवून काठावर बसायची आणि त्यांना प्रश्न विचारून भंडावून सोडायची. बारावीची परीक्षा संपली आणि तिने जाहीर केलं, रत्नागिरीला मत्स्य महाविद्यालयात जाणार. वाडीत हसाहशी झाली. "मासं धराया शिकायला रत्नागिरी कशाला गं? हितं गळ टाक की," असं जो तो म्हणायला लागला. पण तिच्याबरोबर अजून एक जण तयार झाली. शेजारच्या अकबरीची समरीन. दोघी पहिलीपासून एका बाकावर बसलेल्या. अकबरीचा नवरा नूरमहंमद कामशेत ते पवनानगर जीप चालवायचा. त्या दोघा नवराबायकोंचं म्हणणं एकच, राजी संगं असली तर समरीनला धाडू, एकटीला न्हाई.

आणि बजरंग? तो तर छाती फुगवून फिरत होता. दहावीलाच त्याने राजीला शब्द दिला होता, "कुटंबी धाडीन तुला. मागं बगू नको." हा शब्द त्याने चावडीवर सांगितला, जीपमध्ये सांगितला, तंबूत राहायला आलेल्या परक्या माणसांनासुद्धा सांगितला.

पण उन्हाळा चढायला लागला तसं त्याचं काहीतरी बिनसलं. मुक्ताबाई पत्र्यावर कुरडया घालायची आणि राजी राखण बसायची, हातात पुस्तक आणि शेजारी काठी. कावळ्यांना शिव्या घालता घालता ती पुस्तकातलं काहीबाही बापाला सांगायची. मासा झोपतो तेव्हा त्याचे डोळे उघडेच असतात, हे तिनेच त्याला सांगितलं. बजरंग ऐकत बसायचा आणि एकदम त्याच्या मनात यायचं. ही गेली की या पत्र्याखाली आपण आणि मुक्ता. मुक्ताबाईशी त्याचं बोलणं म्हणजे दूध आलं का आणि गॅस संपला का, एवढंच उरलेलं. घरात हसणारं माणूस एकच होतं आणि ते बॅग भरायला निघालं होतं.

एक वाक्य बोलला असता तर भागलं असतं. "पोरी, तू गेलीस तर मला करमायचं न्हाई," एवढंच. पण छे! मिशा पांढऱ्या झालेल्या माणसाने हे लेकीला म्हणायचं कसं? साऱ्या वाडीला शब्द ऐकवून झाल्यावर तो गिळायचा कसा? बजरंग गप्प राहिला आणि आतल्या आत कुढत राहिला.

गुरवाच्या घरातलं माणूस कौलाशिवाय लांब जात नाही, ही त्या घरची रीत. निलेशच्या नोकरीलाही कौल लावला होता. फॉर्म भरायचे दिवस जवळ आले तशी मुक्ताबाई म्हणाली, "एकदा इचारून घ्या की भैरोबाला." राजी तर हसतच तयार झाली. देव आपल्याला नाही म्हणेल, हे तिच्या डोक्यातच नव्हतं.

सकाळच्या उन्हात सगळे देवळात बसले. मुक्ताबाई, अकबरी आणि समरीन सभामंडपात. रोज तिथेच खांबाला टेकून बसणारा म्हातारा श्रीपती आपल्या जागेवर. राजी गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी गडू घेऊन उभी. बजरंगने उजवी पाकळी घेतली, पाण्यात पार बुडवली आणि देवाच्या खांद्यावर अंगठ्याने दाबून बसवली. डावी घेतली. ती पाण्यात घालायला म्हणून हात गडूपर्यंत गेला आणि काठावरूनच मागे आला. वळता वळता त्याने ती पाकळी उपरण्याच्या टोकाला पुसली आणि दुसऱ्या खांद्यावर नुसती टेकवली.

"भैरोबा, लेकरू रत्नागिरीला जाऊ म्हणतंय. धाडू का नगं, तुझं तू सांग."

तो मागे सरकून नीट बसलाही नव्हता, तोवर डावी पाकळी सुटली आणि देवाच्या पायाशी पडली.

राजी पाकळीकडे बघत राहिली. मग तिने एकदा बापाकडे बघितलं. बजरंगने नजर फिरवली आणि समईची वात सारखी करायला लागला. राजीने वाकून पाकळी उचलली, नेहमीसारखी परडीत टाकली आणि म्हणाली, "बरं."

एवढंच म्हणाली. रडली नाही, आदळआपट केली नाही. संध्याकाळी मोबाईलवर तळेगावच्या कॉलेजचं बघत बसली. रोज घरून जाऊन येऊन करता येईल, असं आपणहून म्हणाली. सकाळी बापाच्या हातात चहा आणून दिला आणि विचारलं, "आबा, साखर बरी हाय का?"

त्या चहाने बजरंगची जीभ पोळली नाही, पण जीव पोळला. पोर भांडली असती तर बरं झालं असतं. तो ओरडला असता, ती रुसली असती, हिशोब फिटला असता. पण ही गोड वागत होती. जे हवं होतं ते मिळालं, राजी घरात राहणार होती आणि बजरंगला तिच्यासमोर जेवायला बसवत नव्हतं. भाकरी तोडून मान खाली घालायचा आणि भुकेलाच उठायचा. देवळात जायचा तर भैरोबाकडे बघवत नव्हतं. बिनचेहऱ्याचा दगड तो, पण बजरंगला वाटायचं, हा आपल्याकडे टक लावून बघतोय. पूजा करताना तो डावा खांदा टाळून शेंदूर लावायला लागला.

असे काही दिवस गेले आणि एकदा कामशेतच्या बाजारातून येताना तो नूरमहंमदच्याच जीपमध्ये बसला. जीप खच्चून भरलेली. मांडीला मांडी. नूरमहंमदला गाडी चालवताना बोलायची सवय, आणि आज तर त्याला विषयच मिळाला.

"ह्यांना वळखता का? आमचं बजरंगभाऊ," तो मागे वळून साऱ्या जीपला सांगायला लागला. "सोताच्या लेकीचा कौल व्हता. एकुलती एक रायलेली घरात. दुसरा कुनी असता तर हळूच उजवी पाडली असती. कुनाला काय कळनार हाय? पन न्हाई! डावी पडली ती डावीच सांगितली. लेकीचं मन मोडलं, पन देवाशी खोटं न्हाई वागला. आमी तर त्या दिवशीच ठरवलं, आता समरीनबी न्हाई जात."

"वा, वा," जीपमधलं कुणीतरी म्हणालं. एका बाईने तिथल्या तिथे हात जोडले. समोर बसलेला माणूस म्हणाला, "अशी मानसं हायती म्हनून चाललंय."

बजरंगला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उघड्यावर पकडला गेला असता तर इतकी लाज वाटली नसती. इथे लोक चोराला ओवाळत होते आणि चोर मांडीला मांडी लावून त्यांच्यातच बसला होता. "हितंच थांबव नूर," तो म्हणाला. "अजून वाडी लांब हाय भाऊ." "थांबव म्हनतो न्हवं!" आणि बाजाराची पिशवी घेऊन तो भर उन्हात उतरला आणि चालत निघाला. रस्त्याने कुणी "गुरव, रामराम" केला की त्याला ती शिवीच वाटायची.

त्यानंतर कौल लावायला आलेल्यांना तो काहीबाही सांगून परत पाठवायला लागला. आज सुतक आहे, आज अंगात कसकस आहे. लोक परत जायचे, तेही आदराने. पण अकबरीला कसं परतवणार? ती एका सकाळी नवऱ्याला आणि समरीनला घेऊन सरळ देवळातच आली. हातात नारळ, डोक्यावर पदर नीट घेतलेला.

"भाऊ, समरीनला लोनावळ्याचं स्थळ आलंय," ती म्हणाली. "पोराचं चिक्कीचं दुकान हाय. मानसं बरी हायती. आता शिकायला जात न्हाई म्हनल्यावर घरात किती दिस बसवायची? आमच्या पिराला नवस बोलले. पन ज्यानं धाडू नगं सांगितलं, त्यालाबी इचारावं म्हनलं. तुमी लावलेल्या कौलावर आमचा इस्वास हाय."

समरीन खांबामागे उभी होती. शाळेत बडबडी म्हणून जिची तक्रार यायची, ती पोरगी खाली बघून ओढणीचं टोक पिळत होती. मुक्ताबाई उंबऱ्याशी आली. श्रीपती सरसावून बसला. राजी न बोलावताच गडू भरून आली आणि रोजच्या जागी उभी राहिली. तिचा चेहरा उतरला होता.

बजरंगने दोन पाकळ्या घेतल्या. एक भिजवली. दुसरी भिजवली. हात देवाकडे नेला आणि तिथेच थांबवला. पाकळी उजवी पडली तर या पोरीचं लग्न. डावी पडली तर तेही नाही आणि शिक्षणही नाही. आणि दोन्हींच्या मुळाशी त्याने उपरण्याला पुसलेली एक पाकळी. आता देवाने काहीही सांगितलं तरी ते या हाताने सांगितलेलं असणार होतं, आणि हात खोटा पडून चुकला होता. त्याने पाकळ्या गडूत परत टाकल्या.

"अकबरी, मला लावता येनार न्हाई."

"का भाऊ? सुतक हाय का?"

"सुतक न्हाई." तो भिंतीला धरून उभा राहिला. "मागला कौल देवाचा न्हवता. माजा व्हता. डावी पाकळी म्या उपरन्याला पुसली. राजीला धाडायचं माज्या मनातच न्हवतं."

मुक्ताबाईने तोंडाला पदर लावला. नूरमहंमद बजरंगकडे बघतच राहिला, मग त्याने हळूच मान खाली घातली. भर जीपमध्ये आपण काय काय बोललो, ते त्याला एकेक आठवत असणार. म्हातारा श्रीपती काठी टेकत उठला. तो रोज जाताना देवाला आणि मग गुरवाला हात जोडायचा. आज त्याने देवाला जोडले आणि बजरंगला ओलांडून पायऱ्या उतरून गेला.

अकबरी रागाने ओरडली असती तर बजरंगने ऐकून घेतलं असतं. ती ओरडली नाही. "तुमची लेक तुमी ठिवून घ्यायची व्हती भाऊ," ती म्हणाली. "बापाचा जीव तुटतो, मला कळतं. पन माजी का अडकवली? म्या तुमचं न्हवतं ऐकलं. म्या देवाचं ऐकलं व्हतं."

बजरंगने हात जोडले आणि ते तसेच धरून राहिला. नूरमहंमद लेकीकडे वळला. "तो फारम अजून भरता येतो का गं?"

"येतो अब्बा," समरीन म्हणाली, आणि इतक्या वेळात पहिल्यांदा तिने वर बघितलं.

"चल मग," तो म्हणाला. तिघं नारळ तसाच घेऊन निघून गेली. मुक्ताबाई नवऱ्याकडे न बघता घरात गेली. भांड्यांचा आवाज मात्र बराच वेळ येत राहिला.

राजी अंगणात चाफ्याखालच्या नळावर गडू घासत होती. बजरंग तिच्यापाशी जाऊन उभा राहिला. शेवटी म्हणाला, "तुला काय बोलायचं आसंल ते बोल. शिव्या दे. मी ऐकतो."

"मला त्याच दिवशी कळलं होतं, आबा," राजी घासता घासता म्हणाली.

"काय?"

"गडू माझ्या हातात होता. डावी पाकळी पाण्यात गेलीच नाही."

बजरंग पारावर बसला. "मग बोलली का न्हाईस?"

"एवढ्या माणसांत तुमाला खोटं पाडू?" तिने गडू उपडा केला. "आणि देवानं नाही म्हटलं असतं ना, तर मी भांडले असते. परत लावा, परत लावा करून तुमचा जीव खाल्ला असता. पण इथं नाही म्हणणारे तुमी होता. तुमी मला आजवर कशाला नाही म्हटलंय का? म्हटलं, आबांना एवढं जड जातंय, तर राहते. नुसती वाट बघत होते, तोंडानं कधी सांगताय त्याची."

बजरंगला मान वर करवेना.

"पण समरीनला स्थळ आलं तेव्हा मला काय झालं ते माझं मला ठाऊक," राजीचा आवाज आता फुटला. "ती माझ्या गळ्यात पडून रडत होती, आणि मी तिला सांगत होते, देवाचं ऐकावं लागतं. मी, आबा! मला माहीत असून! तुमाला सांभाळायला गेले आणि तिच्याशी खोटी वागले. तिला मी आता तोंड कसं दाखवू?"

ती गडू तिथेच ठेवून घरात गेली. बजरंग पारावर बसून राहिला. आपल्याबरोबर या लेकराचाही हात आपण खोटा केला, ही लाज आधीच्या सगळ्या लाजेला पुरून उरली. त्याला हुंदका आला आणि तो त्याने आवरला नाही. खाली धरणावर कुणाचे तरी पाहुणे पाण्यात खेळत ओरडत होते.

राजी दुसऱ्याच दिवशी समरीनकडे गेली. दोघींचं काय बोलणं झालं ते कुणालाच कळलं नाही. सुरुवातीला समरीन आठवडाभर तिच्याशी बोलत नव्हती, एवढं मात्र वाडीने बघितलं. पण फॉर्म दोघींचे भरले गेले आणि नंबरही दोघींचे लागले. कौल लावायला मात्र टेकाडावर कुणी आलं नाही. यायचे ते देवाचं दर्शन घेऊन, बजरंगने दिलेला अंगारा घेऊन गुपचूप जायचे. विचारायचं नाही कुणी काही. तो रोज चाफ्याखालचा सडा झाडून काढायचा.

जायच्या दिवशी नूरमहंमदची जीप टेकाडाखाली येऊन थांबली. बॅगा, पेट्या, मुक्ताबाईने बांधून दिलेल्या कुरडया आणि तांदळाची पिशवी. निम्मी वाडी गोळा झाली होती. बजरंग खाली गेला नाही. त्या सगळ्यांच्या पुढ्यात बाप म्हणून उभं राहायची त्याला हिंमत होईना. तो देवळाच्या पायरीवरूनच बघत होता.

राजी जीपजवळून परत फिरली आणि पायऱ्या चढून वर आली. तिने नळावर गडू भरला आणि चाफ्याच्या दोन पाकळ्या उचलल्या. "कौलाशिवाय आपल्या घरातलं माणूस जात नाही," ती म्हणाली. "लावा, आबा."

खालची माणसं माना वर करून बघत होती. नूरमहंमद स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होता. बजरंगने तिच्या हातातून गडू घेतला. पाकळ्या घेतल्या नाहीत.

"न्हाई. देवाला आता मधी घालत न्हाई," तो म्हणाला. खाली जीपपर्यंत जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला. "माजं मी सांगतो. तू गेलीस की मला करमायचं न्हाई, राजी. लय अवघड जानार हाय मला. पन तू जा."

राजी वाकून त्याच्या पाया पडली आणि पळतच पायऱ्या उतरली. नूरमहंमद गाडीतून खाली आला, तिची पेटी उचलून टपावर चढवली, दोरी ओढून पक्की बांधली. बजरंगकडे त्याने बघितलं नाही.

जीप वळणाआड गेली. माणसं पांगली. मुक्ताबाई पायऱ्या चढून वर आली आणि त्याच्या शेजारी बसली. बजरंगच्या हातात गडू अजून काठोकाठ भरलेला होता.

"मलाबी करमायचं न्हाई," ती म्हणाली. "तुमी मला तरी इचारायचं."